आधी पत्ता, मग निरोप

एप्रिल २०२५ मध्ये 'व्हीएलएलएम' या संगणकप्रणालीतील एक अतिगंभीर त्रुटी जाहीर झाली. कृत्रिम बुद्धिमत्तेची मोठी भाषिक प्रारूपे सर्व्हरवर चालविण्यासाठी जगभर वापरली जाणारी ही मुक्त प्रणाली. एका प्रारूपाचे काम अनेक यंत्रांत वाटून देण्याची सोय तिच्यात आहे. या सोयीच्या एका विशिष्ट प्रकारात यंत्रांनी एकमेकांना निरोप धाडण्यासाठी जी द्वारे उघडली होती, ती केवळ त्या यंत्रांपुरती उघडी नव्हती. जाळ्यावरून तेथवर पोहोचू शकणाऱ्या कुणालाही त्यांतून आत शिरता येत होते. आलेला मजकूर उलगडण्याची पद्धतही अशी होती, की बाहेरच्या माणसाने योग्य तो मजकूर पाठविला तर त्या यंत्रावर त्याला हवी ती आज्ञा चालविता आली असती. ०.८.५ या आवृत्तीत ही त्रुटी दूर करण्यात आली.

या प्रकरणाच्या मुळाशी दोन चुका होत्या. आलेल्या मजकुरावर डोळे झाकून विश्वास ठेवणे ही एक, आणि द्वार कोठे उघडायचे हे सांगणारा पत्ता ही दुसरी. 'या यंत्रात येणाऱ्या सर्व वाटांवर ऐकत राहा', असे त्या पत्त्याचे म्हणणे होते. निरोपांची ने-आण करणाऱ्या ज्या 'झीरोएमक्यू' नावाच्या लायब्ररीचा येथे उपयोग झाला होता, तिच्या पत्त्यांत एवढा सगळा अर्थ एका तारकाचिन्हात मावतो.

बँकेचे व्यवहार, रेल्वेचे आरक्षण, भ्रमणध्वनीवरचा संदेश या साऱ्यांच्या पाठीमागे एक प्रोग्रॅम दुसऱ्या प्रोग्रॅमला निरोप देत असतो. निरोपात काय आहे याची चर्चा खूप होते. पण तो कुणाच्या दारात द्यायचा आणि ते दार कुणी उघडे ठेवायचे, या प्रश्नाकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. प्रणाली कोलमडते किंवा असुरक्षित होते ती पुष्कळदा याच ठिकाणी. म्हणून या पत्त्यांचे आणि जोडण्यांचे व्याकरण समजून घेणे अगत्याचे आहे.

सॉकेट म्हणजे काय?

दोन संगणकांवरील प्रोग्रॅमना एकमेकांशी बोलायचे असेल तर प्रत्येकाला एक टोक लागते. या टोकाला 'सॉकेट' म्हणतात. आज रूढ असलेली सॉकेटची पद्धत १९८३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील संगणकतज्ज्ञांनी युनिक्सच्या ४.२ बीएसडी या आवृत्तीतून जगापुढे आणली. चाळीस वर्षे उलटली तरी तिचा गाभा तोच आहे. योगायोगाची गोष्ट अशी, की वर उल्लेख केलेल्या व्हीएलएलएमचा जन्मही याच विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतला आहे.

या पद्धतीत पत्त्याचे दोन भाग असतात. पहिला भाग म्हणजे यंत्राचा आयपी क्रमांक. तो इमारतीच्या पत्त्यासारखा. दुसरा भाग म्हणजे पोर्ट क्रमांक; तो खोली क्रमांकासारखा. पोर्टचा क्रमांक ६५,५३५ पर्यंत असू शकतो. संकेतस्थळांसाठी ८० आणि ४४३, ई-मेलच्या देवाणघेवाणीसाठी २५, असे काही क्रमांक संकेताने ठरून गेले आहेत. बाकीचे ज्याला हवे तसे वापरता येतात. मात्र एका पत्त्यावरचे एक पोर्ट सर्वसाधारणपणे एका वेळी एकाच प्रोग्रॅमच्या ताब्यात असते. दुसऱ्याने ते मागितले, तर 'पत्ता आधीच वापरात आहे' असे उत्तर मिळते.

दोन्ही बाजूंची कामे मात्र सारखी नसतात. एका बाजूने पत्ता घेऊन तेथे ठाण मांडायचे. या क्रियेला 'बाइंड' म्हणतात. दुसऱ्या बाजूने तो पत्ता शोधत जायचे आणि दार ठोठावायचे. ही क्रिया 'कनेक्ट'. बर्कलेच्या मूळ पद्धतीत यांचा क्रमही पक्का होता. ठाण मांडणारा आधी सुरू झालेला हवा. तो नसताना कुणी दार ठोठावले, तर 'जोडणी नाकारली' असा शेरा तत्काळ हाती येतो आणि पुढे काय करायचे हे ज्याचे त्याने पाहायचे असते. जोडणी मध्येच तुटली तरी तेच. पुन्हा प्रयत्न करणे, अर्धवट आलेला मजकूर जुळविणे, एकाच वेळी शंभर जोडण्या सांभाळणे, हा सारा व्याप प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या माथी येतो. प्रत्येक कार्यालयात, प्रत्येक प्रकल्पात तीच तीच यंत्रणा नव्याने लिहिली जाऊ लागली. साहजिकच, हे काम एकदाच नीट करून सर्वांना देता येणार नाही का, असा विचार पुढे आला.

मध्यस्थ हटला, प्रश्न उरला

त्यावरचा पहिला मोठा तोडगा मध्यस्थाचा होता. सर्वांनी आपले निरोप एका मधल्या सर्व्हरकडे द्यायचे आणि त्याने ते ज्याचे त्याला पोहोचते करायचे. टपाल कार्यालयासारखीच ही व्यवस्था. हिचा मोठा लाभ असा, की प्रत्येकाला फक्त टपाल कार्यालयाचा पत्ता ठाऊक असला की पुरते. अशा मध्यस्थांसाठी 'एएमक्यूपी' नावाचे खुले मानक तयार करण्याचा उपक्रम २००३ च्या सुमारास 'जेपी मॉर्गन चेस' या अमेरिकी बँकेत सुरू झाला. त्यात बेल्जियममधील 'आयमॅटिक्स' ही छोटी कंपनी पुढे सहभागी झाली. पीटर हिंटजेन्स हे तिचे प्रमुख.

पण शेअर बाजारासारख्या क्षेत्रात क्षणाच्या सूक्ष्म अंशालाही मोल असते. तेथे प्रत्येक निरोपाने आधी मध्यस्थाकडे जायचे आणि मग मुक्कामी पोहोचायचे, हा वळसा परवडत नाही. शिवाय मध्यस्थ बंद पडला की सारेच थांबते. यातून २००७ मध्ये आयमॅटिक्समध्ये झीरोएमक्यूचे काम सुरू झाले. मूळ रचना आणि लेखन स्लोव्हाकियाचे मार्टिन सुस्त्रिक यांचे. नावातील 'झीरो' म्हणजे शून्य. मध्यस्थ शून्य आणि विलंबही शक्य तितका शून्याजवळ, असा त्याचा प्रारंभीचा अर्थ. पुढे सुस्त्रिक यांनी 'नॅनोमेसेज' हा वेगळा मार्ग धरला. २०१६ मध्ये हिंटजेन्स यांचे निधन झाले. लायब्ररी मात्र मुक्त असल्याने तिचे काम त्यांच्यानंतरही चालू राहिले.

झीरोएमक्यू हा सर्व्हर नव्हे. ती आपल्या प्रोग्रॅममध्ये सामावून घ्यायची लायब्ररी आहे. जोडणी तुटली तर पुन्हा जोडणे, निरोप रांगेत ठेवणे, अनेक जोडण्यांत त्यांची वाटणी करणे ही कामे ती पडद्याआड करते. पण मेख येथेच आहे. टपाल कार्यालय उठले की पत्ते सांभाळण्याचे कामही उरलेल्यांवर येते. दहा प्रोग्रॅम एकमेकांशी बोलणार असतील तर कुणी कुणाचा पत्ता लक्षात ठेवायचा? उद्या अकरावा आला तर किती ठिकाणी दुरुस्ती करायची? मध्यस्थ शून्य करता येतो; पत्त्याचा प्रश्न शून्य करता येत नाही.

पत्त्याचे तीन भाग

झीरोएमक्यूमध्ये पत्ता एका ओळीत लिहिला जातो. उदाहरणार्थ, 'टीसीपी://१९२.१६८.१.१०:५५५५'. (येथे वाचकांच्या सोयीसाठी पत्ते देवनागरीत दिले आहेत, संगणकावर ते रोमन अक्षरांत लिहावे लागतात.) यातील पहिला भाग निरोप कोणत्या वाहनाने जाणार हे सांगतो, दुसरा ठिकाण सांगतो आणि तिसरा पोर्ट.

वाहने अनेक आहेत. 'टीसीपी' हे एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्राकडे जाण्याचे नेहमीचे वाहन. दोन्ही प्रोग्रॅम एकाच यंत्रावर असतील तर 'आयपीसी' वापरता येते. त्यात पोर्टऐवजी युनिक्समधील फाइलसारखा मार्ग लिहितात. एकाच प्रोग्रॅमच्या पोटात चालणाऱ्या दोन धाग्यांना बोलायचे असेल तर 'इनप्रॉक'. त्यात पत्ता म्हणजे केवळ एक ठरवून घेतलेले नाव. एकाच वेळी अनेकांना प्रसारण करायचे असेल तर 'पीजीएम'. वाहन बदलले तरी निरोप पाठविण्याची आणि घेण्याची आज्ञा तीच राहते. आज एका यंत्रावर चालणारी प्रणाली उद्या दोन यंत्रांवर न्यायची झाली तर मुख्यतः पत्त्याची ओळ बदलावी लागते. या लायब्ररीच्या लोकप्रियतेचे हे एक मोठे कारण आहे.

बाइंडचा पत्ता आणि कनेक्टचा पत्ता दिसायला सारखे असले तरी त्यांचे अर्थ निराळे आहेत, आणि नवशिक्यांची पहिली ठेच येथेच लागते. कनेक्ट करताना आपण दुसऱ्याचा पत्ता देतो. तेथे यंत्राचे नाव चालते, ते नाव कोणत्या क्रमांकाचे हे शोधून काढले जाते. बाइंड करताना मात्र आपण आपल्याच यंत्राचे कोणते दार उघडायचे ते सांगत असतो. एका यंत्राला अनेक दारे असतात. एक तारेचे, एक वाय-फायचे, आणि एक केवळ त्याच यंत्रातील प्रोग्रॅमपुरते, १२७.०.०.१ या क्रमांकाचे. म्हणून बाइंडमध्ये त्या दाराचा आयपी क्रमांक, किंवा संगणकाने त्या दाराला दिलेले अंतर्गत नाव लिहावे लागते. सवयीने 'लोकलहोस्ट' हे नाव तेथे लिहिले तर 'असे उपकरण नाही' या अर्थाची चूक पडद्यावर येते. तेच नाव कनेक्टमध्ये बिनतक्रार चालत असल्याने गोंधळ अधिकच वाढतो.

तारकाचिन्ह हे बाइंडचेच लेणे. 'टीसीपी://*:५५५५' म्हणजे या यंत्राच्या प्रत्येक दारावर ५५५५ क्रमांकाने ऐक. कनेक्टमध्ये तारकेला अर्थ नाही. 'सर्वत्र ऐक' ही आज्ञा समजण्यासारखी आहे, 'सर्वत्र जा' ही नाही. पोर्टच्या जागीही तारका चालते. तेव्हा मोकळा असेल तो क्रमांक संगणक निवडतो आणि कोणता मिळाला हे नंतर विचारून घेता येते. पण असा ऐनवेळी मिळालेला क्रमांक समोरच्याला कळवायचा कसा, हा नवा प्रश्न त्यातून उभा राहतो.

दार कुणी उघडायचे?

पूर्वीच्या पद्धतीत उत्तर सोपे होते. सर्व्हरने ठाण मांडायचे आणि ग्राहकाने जायचे. झीरोएमक्यूने हे बंधन सैल केले. येथे निरोप कोण पाठवितो आणि दार कोण उघडतो या दोन गोष्टींचा संबंध नाही. पाठविणारा बाइंड करू शकतो, घेणाराही करू शकतो. इतकेच नव्हे, तर एकच सॉकेट दोन-तीन पत्त्यांवर बाइंड होऊ शकते आणि त्याच वेळी आणखी चार ठिकाणी कनेक्टही होऊ शकते.

एवढे स्वातंत्र्य दिले की निर्णय कठीण होतो. जाणते प्रोग्रॅमर यासाठी एक साधा नियम पाळतात. जो स्थिर, त्याने बाइंड करावे. जो येतो-जातो, त्याने कनेक्ट करावे. एखाद्या स्थानकातील फलाटांवरच्या गाड्यांच्या वेळा दाखविणाऱ्या फलकांची कल्पना करा. माहिती एका नियंत्रण कक्षातून येते, फलक मात्र बसविले जातात, बिघडतात, बदलले जातात. येथे नियंत्रण कक्षाने एका ठरलेल्या पत्त्यावर बाइंड करावे आणि प्रत्येक फलकाने त्याला कनेक्ट करावे. नवा फलक लावला तर नियंत्रण कक्षात एका अक्षराचाही बदल करावा लागत नाही.

आता उलटे उदाहरण पाहू. एका जिल्ह्यात दोनशे पर्जन्यमापक यंत्रे आहेत आणि ती आपली नोंद एका केंद्राला पाठवितात. येथे पाठविणारे अनेक आणि घेणारा एक. जुन्या सवयीने विचार करणारा म्हणेल, की जो प्रसारण करतो त्याने बाइंड करावे. म्हणजे दोनशे यंत्रांचे दोनशे पत्ते केंद्राने सांभाळायचे. स्थिर कोण, असे विचारले की उत्तर बदलते. केंद्र स्थिर आहे. केंद्राने, घेणारा असूनही, बाइंड करावे आणि यंत्रांनी कनेक्ट करावे. दोनशे पत्त्यांच्या जागी एक पत्ता उरतो.

यात सुरक्षेचाही मुद्दा आहे. बहुतेक कार्यालयांच्या फायरवॉल आतून बाहेर जाणारी जोडणी होऊ देतात, बाहेरून आत येणारी अडवितात. त्यामुळे जो फायरवॉलच्या आत आहे त्याने कनेक्ट करणे आणि जो सर्वांच्या पोहोचीत आहे त्याने बाइंड करणे सोयीचे ठरते. शिवाय उघडी दारे जितकी कमी, तितकी राखण सोपी.

दोन्ही बाजू येत्या-जात्या असतील तर? अनेक पाठविणारे, अनेक घेणारे आणि कुणीच स्थिर नाही, अशी स्थिती आली की पत्त्यांची संख्या गुणाकाराने वाढते. वीस पाठविणारे आणि तीस घेणारे म्हणजे सहाशे जोडण्या. अशा वेळी झीरोएमक्यूमध्येही मधोमध एक लहानसा दुवा ठेवतात. तो दोन्ही अंगांनी बाइंड करतो, बाकी सारे त्याला कनेक्ट करतात, आणि जोडण्या पन्नासवर येतात. ज्या मध्यस्थाला निरोप देऊन ही लायब्ररी निघाली, त्यालाच असे पुन्हा दारात उभे करावे लागते. फरक इतकाच, की तो आता सक्तीचा राहिलेला नसून गरजेपुरता आहे.

जोडले गेले, असे वाटते तेव्हा

झीरोएमक्यूची खरी ताकद आणि खरी फसगत या दोन्ही कनेक्ट या एका शब्दात आहेत. येथे कनेक्ट म्हटल्याबरोबर लायब्ररी 'ठीक' असे उत्तर देते. समोर कुणी असो वा नसो. प्रत्यक्ष जोडणीचा प्रयत्न पाठीमागे सुरू राहतो; अपयश आले तर मूळ ठेवणीनुसार सेकंदाच्या दहाव्या भागानंतर पुन्हा, आणि पुन्हा. त्यामुळे कोण आधी सुरू झाले याने बिघडत नाही. सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला तरी ग्राहक आपोआप जोडले जातात. (यास एक अपवाद होता. 'इनप्रॉक' वाहनात २०१३ मधील चौथ्या आवृत्तीपूर्वी बाइंड आधी होणे आवश्यक असे.)

पण या 'ठीक'चा अर्थ काय? तो इतकाच, की पत्ता लिहिण्याची रीत बरोबर आहे. पत्ता खरा आहे, असे त्यातून सिद्ध होत नाही. ५५५५ ऐवजी ५५५६ लिहिले तरी उत्तर 'ठीक'च. जुन्या सॉकेटने जी चूक त्याच क्षणी दाखविली असती, ती येथे मौनात लपते.

त्यातून एक नवलाची गोष्ट घडते. कनेक्ट म्हणताच, सर्वसाधारणपणे, त्या जोडणीसाठी निरोपांची रांग लगेच तयार होते. तिसऱ्या आवृत्तीपासून एका रांगेची मर्यादा, वेगळी सूचना नसेल तर, १,००० निरोपांची आहे. समजा, एका दुकानाची प्रणाली दिवसाला ३०० मागण्या तीन गोदामांना आळीपाळीने वाटते, आणि तिसऱ्या गोदामाच्या पत्त्यात पोर्ट चुकले आहे. पहिल्या दोघांना रोज शंभर-शंभर मागण्या मिळतील. तिसऱ्याच्याही शंभर निघतील, पण त्या कधीच न जुळणाऱ्या जोडणीच्या रांगेत उभ्या राहतील. हे दहा दिवस चालेल. हजाराची रांग भरली की लायब्ररी तिसऱ्याला वगळून उरलेल्या दोघांनाच काम देऊ लागेल आणि सारे पुन्हा सुरळीत दिसेल. पडद्यावर एकही चूक उमटणार नाही. प्रोग्रॅम मध्येच कोसळला तर स्मृतीतील ती रांगही नाहीशी होईल आणि हजार ग्राहक वस्तूची वाट पाहत राहतील.

यावर उपाय आहे. 'जोडणी पूर्ण झाल्याशिवाय रांग लावू नको' अशी सूचना सॉकेटला देता येते. तिचे नाव 'इमिजिएट'. सॉकेटवर घडणाऱ्या घटना, म्हणजे कोण जोडले गेले, कोण तुटले, हे पाहणारा पहारेकरीही नेमता येतो. आणि सर्वांत साधा उपाय म्हणजे पोच मागणे. निरोप मिळाल्याचे उत्तर ठरावीक वेळेत आले नाही, तर पत्त्याचीच शंका घ्यायची.

बाइंडच्या बाजूला चित्र वेगळे असते. तेथे कुणी प्रत्यक्ष येईपर्यंत रांगच नसते. कामे वाटणारे सॉकेट अशा वेळी कुणी येईपर्यंत थांबून राहते. प्रसारण करणारे सॉकेट मात्र थांबत नाही. श्रोता नसेल तर निरोप सरळ टाकून देते. रेडिओ उशिरा लावणाऱ्याला बातम्यांचा आरंभ ऐकू येत नाही, तसेच हे. श्रोत्याने कनेक्ट म्हटल्यापासून जोडणी पूर्ण होऊन त्याची नोंदणी पोहोचेपर्यंत काही सहस्रांश सेकंद जातात. सेकंदाला दहा हजार भाव प्रसारित होत असतील तर पाच सहस्रांश सेकंदांत पन्नास भाव हुकतात. 'प्रसारण सुरू आहे, श्रोताही सुरू आहे, मग पहिले निरोप गेले कोठे?' हा प्रश्न या लायब्ररीच्या नवशिक्यांना हमखास पडतो. पहिला निरोपही महत्त्वाचा असेल तर श्रोत्याने वेगळ्या सॉकेटवरून 'मी तयार आहे' असे कळविणे आणि तोवर प्रसारकाने थांबणे, हाच मार्ग.

ज्युपिटरची पाच दारे

हे सारे प्रत्यक्षात कसे बसविले जाते, याचे उत्तम उदाहरण पुष्कळांच्या नित्य वापरात आहे. पायथन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांपासून संशोधकांपर्यंत अनेकांना परिचित असलेल्या 'ज्युपिटर नोटबुक'मध्ये आपण लिहिलेली आज्ञा ब्राउझरमध्ये दिसते, पण ती चालविणारा प्रोग्रॅम वेगळा असतो. त्याला 'कर्नल' म्हणतात. नोटबुकचा सर्व्हर आणि कर्नल यांच्यातील संवाद झीरोएमक्यूच्या पाच सॉकेटवरून चालतो.

एक आज्ञा देण्यासाठी, एक निष्पत्ती सर्वांना प्रसारित करण्यासाठी, एक वापरणाऱ्याकडून माहिती विचारण्यासाठी, एक नियंत्रणासाठी, आणि एक कर्नल जिवंत आहे की नाही याचे ठोके ऐकण्यासाठी. नियंत्रणाचे दार वेगळे का, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आज्ञांच्या दारात रांग असते. लांबलचक गणित चालू असताना 'बंद कर' ही सूचना त्याच रांगेत उभी राहिली, तर तिचा उपयोग काय? म्हणून तिला स्वतंत्र वाट दिली आहे.

या पाच पोर्टचे क्रमांक आधी ठरलेले नसतात. कर्नल सुरू होताना मोकळे असतील ते घेतले जातात. मग ते समोरच्याला कळतात कसे? त्यासाठी एक छोटी फाइल लिहिली जाते. तिच्यात वाहन, आयपी क्रमांक, पाचही पोर्ट आणि एक गुप्त किल्ली असते. कर्नल ती वाचून बाइंड करतो, नोटबुकची बाजू ती वाचून कनेक्ट करते. आयपी क्रमांक सहसा १२७.०.०.१, म्हणजे यंत्राबाहेरच्या कुणाला दार दिसतच नाही. त्याच यंत्रावरील दुसऱ्या कुणी पोर्ट शोधून काढलेच, तर प्रत्येक निरोपावर त्या किल्लीने केलेली सही तपासली जाते. पत्ता, त्याची मर्यादा आणि ओळख या तिन्ही गोष्टींची तरतूद एका लहानशा फाइलमध्ये झालेली आहे.

मोठ्या प्रमाणावरचे उदाहरण जिनिव्हाजवळील 'सर्न' या संशोधन संस्थेचे. २७ किलोमीटर परिघाच्या तिच्या कण-त्वरकाची उपकरणे नियंत्रित करणाऱ्या यंत्रणेसाठी २०११ मध्ये निरोपांच्या अनेक लायब्रऱ्यांची तुलना झाली आणि जुन्या 'कोर्बा' तंत्राच्या जागी झीरोएमक्यूची निवड करण्यात आली. तेथे उपकरणांना नावे असतात आणि नावावरून पत्ता सांगणारी स्वतंत्र निर्देशिका असते. निरोप मात्र निर्देशिकेतून जात नाहीत; पत्ता कळला की दोघे थेट बोलतात. मध्यस्थ पत्त्यांपुरता ठेवावा, निरोपांसाठी नको, हा मधला मार्ग अनेक मोठ्या प्रणालींनी स्वीकारला आहे.

तारकेची किंमत

आता पुन्हा तारकेकडे वळू. ती लिहिण्याचा मोह का होतो, हे उघड आहे. प्रयोगशाळेत दोन यंत्रे जोडायची असतात, नेमका कोणता आयपी क्रमांक द्यायचा याची खात्री नसते, तारका दिली की काम होते. तीच ओळ मग जशीच्या तशी प्रत्यक्ष वापरात जाते. झीरोएमक्यूची मूळ ठेवण आलेल्याला ओळख विचारत नाही. कूटबद्ध आणि ओळख पटविणाऱ्या जोडणीची 'कर्व्ह' नावाची सोय तिच्यात २०१३ पासून आहे, पण ती मुद्दाम चालू करावी लागते.

अशा उघड्या दारांचा अनुभव इतरत्रही आला आहे. जानेवारी २०१७ मध्ये 'मोंगोडीबी' या डेटाबेसच्या हजारो प्रती पासवर्डविना महाजालावर उघड्या सापडल्या; त्यांतील माहिती पुसून खंडणी मागण्यात आली. त्याच वर्षी या डेटाबेसची ३.६ ही आवृत्ती निघाली आणि तिच्यापासून तो मुळातच केवळ स्वतःच्या यंत्रावर ऐकू लागला. फेब्रुवारी २०१८ मध्ये उघड्या राहिलेल्या 'मेमकॅश्ड' सर्व्हरांच्या आधारे 'गिटहब' या संकेतस्थळावर सेकंदाला १.३५ टेराबिट इतक्या प्रचंड वेगाचा मारा झाला. यातील तंत्रे निरनिराळी, पण कारण एकच. ज्यांचे ऐकण्याची गरज नव्हती, त्यांच्यासाठीही दार उघडे होते.

यावरचे उपाय महागडे नाहीत. एकाच यंत्रात काम असेल तर १२७.०.०.१ किंवा 'आयपीसी' वापरावे. अनेक यंत्रांत असेल तर तारकेऐवजी खासगी जाळ्याच्या दाराचा नेमका क्रमांक लिहावा. दार सार्वजनिक ठेवणे अटळ असेल तर 'कर्व्ह'सारखी ओळख तपासावी. आणि दार कोणतेही असो, आत आलेला मजकूर आज्ञा म्हणून न उलगडता केवळ माहिती म्हणून वाचावा.

लहानशा चमूने रातोरात उभारलेली प्रणाली आज काही महिन्यांत लाखोंच्या वापरात येते. तिच्या रचनेत बुद्धीचा कस लागतो तो मोठमोठ्या गणितांत, आणि पत्त्याची ओळ मात्र कुठल्या तरी उदाहरणातून उचललेली असते. ही ओळ लिहिताना तीन प्रश्न विचारले तरी पुष्कळ अनर्थ टळेल. या दोघांत स्थिर कोण आहे? समोरचा नसेल तर निरोपाचे काय होईल? आणि हे दार नेमके कुणासाठी उघडत आहोत? ज्या ओळीजवळ या तिन्हींची उत्तरे नाहीत, ती चालत असली तरी पूर्ण झालेली नाही, असे समजावे.